हात राखून

एका चादरीची घडी घालून झाली, दुसरी वहिनींच्या हनुवटीखालीच अडकून राहिली, कारण दारातून धाकट्या दिरानं वर्दी दिली, "दुपारी रंगारी येतोय. वेल मुळापासून उपटायला सांगितलंय."

ती वेल तीस वर्षांपूर्वी वहिनींनीच डब्यातून आणून लावलेली. ना दोरी, ना काठी. बारीक मुळांनी भिंत धरत आपली आपण चढली. पश्चिमेची भिंत तिनं झाकली म्हणून सासूबाईंची खोली भर उन्हाळ्यातही निवते. यंदा मात्र ती कौलांत शिरली, पन्हळ तुंबली आणि सासूबाईंच्या उशाशी पाणी ठिबकलं.

"भाऊजी, गेल्या वर्षी मी बजावलं होतं ना, छपरापाशी हात राखून कापा?"

"मग? राखला की! नुसते शेंडे खुडले."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "अहो, हात म्हणजे कोपरापासून बोटांपर्यंत! तेवढी जागा मोकळी ठेवायची!"

"असं होय! मला वाटलं, जपून कापा म्हणताय."

"अभ्यासातही त्यानं असाच हात राखला," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या.

वहिनींनी देवाचं नाव घेतलं, कात्री उचलली आणि दिराला शिडी धरायला लावून वर चढल्या. "देवानं वेलीला चढायला हात दिले, थांबायला डोळे नाही दिले. ते काम आपलं." कौलांत शिरलेल्या फांद्या आणि पन्हळीतला पाला आधी काढला. मग छपराखाली हातभर, खिडकीभोवती वीतभर. ओढाओढ नाही, नाहीतर गिलावा सोबत येतो. आधी कापायचं, मग हलक्या हातानं सोडवायचं.

"ही फांदी लोंबतेय. खिळा ठोकून बांधू?"

"छे! एकदा सुटलेली पुन्हा भिंत धरत नाही. कापूनच टाकायची. नवी फुटेल, ती धरेल."

रंगारी आला तेव्हा वहिनींनी पन्हळीत बादलीभर पाणी ओतलं. ते खळखळत थेट अंगणात उतरलं. उशाशी थेंब नाही.

"मग मी काय उपटू?" रंगाऱ्यानं विचारलं.

"काही नाही. वरची हातभर पट्टी रंगवा."

त्यानं पट्टीवर बोट फिरवलं. मुळांचे केसाळ ठसे तसेच होते. "हे खरवडल्याशिवाय रंग बसायचा नाही."

"खरवडू की!" म्हणत वहिनींनी दिराच्या हातात सकाळची अर्धवट राहिलेली चादर दिली. "घडी तुम्ही घाला. इथं मात्र हात राखू नका."

आणि त्या तारेचा ब्रश आणायला कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाल्या.