देशाच्या वाट्याचं पाणी

सातवीच्या भूगोलात हवामानाचे प्रकार होते आणि एकाही मुलाच्या ते लक्षात राहत नव्हते. म्हणून मी वर्गाला सांगितलं, आपण एक देश तयार करू, नकाशावर नसलेला. हवामान दमट आणि उपोष्ण. उन्हाळ्यात भरपूर पाऊस, हिवाळा सौम्य. तिथली शेती मातीत करून दाखवायची आणि शाळेच्या प्रदर्शनात मांडायची.

मला कामं वाटून द्यायला आवडतं. डोंगर कोण करणार, विटा कुणाच्या घरून, माती कोण चाळणार, सगळं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं. पाणी लिहिलं नाही. गावाला टँकर लागला होता हे मला माहीत होतं. पण तो गावाचा विषय आणि हा वर्गाचा, असे दोन वेगळे कप्पे माझ्या डोक्यात होते. मी तालुक्याच्या गावी, परतूरला राहायची, एसटीने वाटूर फाट्यापर्यंत आणि तिथून जीपने शाळेत यायची.

देशाचं नाव काही ठरेना. तीन नावांवरून भांडणं झाली, शेवटी नुसता ‘देश’च राहिला.

“बाई, जवारी कुठं लावायची?”

“तिथे ज्वारी होत नाही. पाऊस फार.”

“मंग भाकर कशाची खात्यात?”

“भात खातात.”

“रोज? सणवार नसला तरी?”

मागून एक मुलगी म्हणाली, “लई श्रीमंत लोक दिसतात.”

मेंदीच्या फांद्या खोचून चहाचे मळे झाले. ज्वारीच्या धाटांचा ऊस झाला. मधोमध जुन्या पत्र्यावर विटांची कड करून आम्ही खरा भात पेरला. मुलांना सांगितलं, भाताच्या खाचरात पाणी उभं असतं, ते हटू द्यायचं नाही. भात वीतभर वर आला तेव्हा गावातली म्हातारी माणसं बघायला येऊ लागली. पिकात पाणी साचू देतात, हे त्यांना पटत नव्हतं. “आमची कपाशी दोन दिसांत पिवळी पडली असती,” असं म्हणत ती तिथेच बसून राहायची.

एके दिवशी जीप लवकर मिळाली आणि मी शाळा भरायच्या आधी गावात पोहोचले. टँकर नुकताच विहिरीत रिकामा झाला होता. बायका शेंदत होत्या. कठड्याजवळ एक घागर वेगळी ठेवली होती. घरी निघालेली प्रत्येक बाई तिच्यात आपल्या भांड्यातलं थोडं ओतत होती.

“देशाचं टाक गं.”

“टाकून राह्यले ना. काल बी देशानं माझ्याकडून जास्तीच घेतलं.”

सगळ्या हसल्या. मी विचारलं, कसला देश? माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई पुढे होती. आवाज मोठा, डोक्यावर दोन घागरी. ती म्हणाली, “तुमचाच की, बाई! पोरं म्हन्ली, पानी हटू द्यायचं न्हाई.”

माझे कान तापले. मी म्हणाले, “आजपासून बंद. भात वाळला तरी चालेल.”

“वाळला तरी चालंल?” तिने घागरी खाली ठेवल्या. “या साली गावात तेवढंच हिरवं हाये. आमचं गेलं, पोरांचं तरी बिलकुल वाळू द्यायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी घरून पाण्याचा कॅन भरून घेतला. कंडक्टर म्हणाला, “बाई, याचं फुल काढू का हाफ?” बस हसली. शाळेत पोहोचल्यावर त्याच बाईने तो कॅन मुलांच्या प्यायच्या रांजणात रिकामा केला. “हे पोरांना. देशाचं आमी बघतो.” मी पुन्हा काही बोलले नाही. प्रदर्शन जवळ आलं होतं आणि भात फार छान दिसत होता.

प्रदर्शनाला तालुक्याहून साहेब आले. खाचरापाशी वाकले, पाण्यात बोट बुडवलं.

“खरं पाणी?”

“हो सर.”

रुमालाला बोट पुसत ते सरपंचांकडे वळले. “काय सरपंच! टँकरच्या खेपा वाढवा म्हणून तुमचा अर्ज माझ्या टेबलावर. आणि इथे भात पिकतोय?”

ते हसले म्हणून सरपंचही हसले. आता मी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, “सर, हा देश काल्पनिक आहे.”

“देश काल्पनिक. पाणी नाही ना?”

मुलीची आई गर्दीतून पुढे आली. “सायेब, ते आमच्या घागरीतलं हाये. हीर जवळच हाये, चला, दावते.” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “पुढच्या वेळी नक्की,” म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

धुरळा खाली बसायच्या आत मुलांनी खाचराची एक वीट काढली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही विचारलं नाही. गढूळ पाणी घमेल्यात धरलं आणि शेजारच्या म्हशीपुढे नेऊन ठेवलं. म्हैस एका दमात प्यायली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तरी मी पहिल्या गाडीने गेले. विहिरीवर सगळ्या बायका होत्या, टँकर नव्हता. ऊन चढत गेलं. मला कुणी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला लिंबाखालच्या सावलीत जागा दिली आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. मुलीची आई एकदाच बोलली. “तोंड कशाला एवढं पाडून बसल्या, बाई? त्यो रोजच उशिरा येतो.” तो रोज उशिरा येत नव्हता, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

टँकर दुपारी आला. चाक बसलं होतं म्हणे. खेप कमी झाली नव्हती. पण वाढीव खेपा त्या उन्हाळ्यात मिळाल्या नाहीत. अर्ज असाच पडून राहिला की आमच्या भातामुळे, ते तालुक्याला जाऊन विचारणं सोपं होतं. कचेरी माझ्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती. मी गेले नाही.