साडूंचा ड्रोन आणि मी

माझ्या साडूंइतका नियमाने चालणारा माणूस मुरुडपासून श्रीवर्धनपर्यंत दुसरा नाही. आणि असलाच, तर तो अजून माझ्या सासऱ्यांना भेटलेला नाही हे माझं नशीब. एकाचंच कौतुक ऐकताना जीव अर्धा होतो. साडू म्हणजे माझ्या मेव्हणीचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, केस माझ्यापेक्षा दाट आणि सरकारी परवाना असलेले ड्रोन पायलट. यातलं पहिलं मी माफ केलंय, दुसऱ्याचा प्रयत्न चालू आहे.

खरं तर पनवेलच्या ड्रोन शिकवणाऱ्या वर्गाला आम्ही दोघं बरोबरच गेलो होतो. तळ्याजवळ सासऱ्यांची आंब्याची बाग आहे. फवारणीचा ड्रोन आणायचं त्यांच्या मनात आलं आणि पडवीत बसून त्यांनी जाहीर केलं, "जो जावय शिकून येल, त्याच्या हातात मशीन." मला मशीनशी काही देणंघेणं नव्हतं. सासरे साडूंकडे बघतात तसं त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं, एवढंच हवं होतं. एरवी ते माझ्याकडे मोहोरावर पडलेल्या तुडतुड्यासारखं बघतात. पण लेखी परीक्षेत 'गर्दीवरून ड्रोन नेता येतो का?' या प्रश्नाला मी 'गर्दी ओळखीची असल्यास' असं उत्तर लिहिलं. साडू पहिल्या फटक्यात पास झाले. मी पुढच्या खेपेला बसणार आहे, असं घरी अजून सांगतो.

पास झाल्यापासून साडूंनी ते नियम ड्रोनपुरते ठेवलेच नाहीत. उडवण्याआधी पाती, बॅटरी, वारा सगळं तपासायचं असतं. हे स्कूटर काढतानाही "आरसा, ब्रेक, हवा" असं मोठ्याने म्हणतात आणि मेव्हणीच्या तोंडून "बसले" ऐकल्याशिवाय हलत नाहीत. ड्रोन कायम नजरेच्या टप्प्यात हवा, म्हणून जत्रेत बायकोही नजरेच्या टप्प्यात. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत फिरायचं, म्हणून लग्नाच्या पंगतीत जिलबीचा दुसरा फेरा यायच्या आत हे उठतात. "दादा, परतीपुरती ताकद राखावी," असं मला सांगतात तेव्हा माझ्या तोंडात पाचवी जिलबी असते. ड्रोनच्या सरकारी नकाशात हिरव्या भागात उडवायला मोकळीक, पिवळ्यात आधी परवानगी, लाल भागाचं नाव काढायचं नाही. सासरवाडीतही त्यांनी तसेच रंग ठरवलेत: ओटी हिरवी, स्वयंपाकघर पिवळं आणि सासऱ्यांची आरामखुर्ची लाल. मी गेलो की नेमका त्या खुर्चीत बसतो.

आणि ती एकशेवीस मीटर उंचीची मर्यादा! सासरे म्हणायचे, "आजून वर घाल की." हे म्हणायचे, "नाही मामा, एवढीच परवानगी आहे." आणि सासरे चक्क ऐकायचे. माझं त्यांनी चहात साखर किती हवी याबाबतही कधी ऐकलेलं नाही.

मागच्या थंडीत सगळे हरिहरेश्वरला निघालो. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली. सासूबाईंना बोट लागते, म्हणून साडू त्यांना वर वाऱ्याला घेऊन गेले. जाताना स्वतःच्या छोट्या ड्रोनची पेटी माझ्याकडे दिली. "दादा, जरा सांभाळा." शेजारी सासरे उभे होते. म्हटलं, हीच वेळ. उडवायला मला येत होतं, मी नापास झालो होतो ते लिहिण्यात. बोट धक्क्यापासून जरा बाहेर पडल्यावर गाडीच्या टपावरून ड्रोन वर सोडला. लोक माना वर करून बघू लागले. सासरे म्हणाले, "तुमाला पन येतं व्हय?" लग्नाला चौदा वर्षं झाली, एवढं प्रेमाने ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

दिघी जवळ आलं तेव्हा साडू खाली उतरले. वर बघून त्यांचा चेहरा सासूबाईंपेक्षा पांढरा पडला. पण आवाज चढला नाही.

"दादा, बॅटरी?"

"अठरा टक्के. परतीचं बटण दाबलंय, आपोआप येईल."

"उडवला तेव्हा बोट कुठं होती?"

"आगरदांड्याच्या जरा बाहेर."

"मग तो तिथंच जाणार."

ड्रोन जिथून उडतो ती जागा लक्षात ठेवतो आणि बटण दाबलं की तिथंच परततो. बोट पुढे जाते हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मला वर्गात सांगितलं होतं. आमच्याकडे पाठ फिरवून तो निघाला. साडूंनी रिमोट घेतला, पण तोवर बॅटरीने राम म्हटला होता. खाडीच्या मध्यावर, अंगणात उतरावा तसा सावकाश, तो पाण्यात उतरला.

सासरे माझ्याकडे वळले. काय ऐकावं लागणार ते मला पाठ होतं. तेवढ्यात साडू मध्ये आले.

"मामा, चूक माझी. परवाना माझा, पेटी मी दिली. दुसऱ्याच्या हातात गेला तरी जबाबदार मीच. नियम आहे."

नियम म्हटल्यावर सासरे गाडीत जाऊन बसले. दिघीच्या धक्क्यावर साडूंनी नोंदवही काढली आणि उभ्यानेच लिहिलं. मी डोकावून पाहिलं. वारा, वेळ, जागा, सगळं होतं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पेटीला कुलूप नव्हतं.' माझं नाव कुठंच नव्हतं.

परवान्याचा, ड्रोनचा हेवा मी हौसेने केला होता. हा हेवा मात्र जड गेला. त्यांच्या जागी मी असतो तर ओरडून सगळी बोट गोळा केली असती. पुढच्या रस्त्याला मी त्यांच्या शेजारी बसलो. रिकामी पेटी त्यांच्या मांडीवर होती. हरिहरेश्वर येईपर्यंत ती त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, आणि मला 'द्या इकडे, मी धरतो' एवढंसुद्धा म्हणता येईना.