टायर ठरेपर्यंत

वजनमापे खात्यातल्या त्या निरीक्षकांना ऑफिसात सगळे मिलिमीटरसाहेब म्हणत. हे नाव त्यांच्या पाठीमागे घेतलं जाई, पण एक दिवस ते त्यांच्या कानावर गेलंच. साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "सेंटिमीटर म्हणाला असतात तर वाईट वाटलं असतं."

घरी पडदा लावायचा तर ते खिडकी तीनदा मोजत. चौथ्यांदा त्यांची बायको मोजायची आणि मग पडदा लागायचा. ती शाळेत भूमिती शिकवायची, त्यामुळे कुठली गोष्ट मोजावी आणि कुठली सोडून द्यावी हे तिला चांगलं कळत होतं. नवरा तिनं सोडून दिला होता.

साहेबांचं काम दुकानादुकानांतले काटे तपासून त्यांवर शिक्का मारण्याचं. शहरातला एकही खोटा काटा त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. पण घाटापलीकडे अकरा गावं होती, तिथे बटाटा पिकत होता आणि तो मोजायला एका डेपोवर मोठा काटा होता. त्या काट्याकडे एकोणीस वर्षांत खात्याचं माणूस फिरकलेलं नव्हतं. दरवर्षी फाइलीवर एकच शेरा पडे, 'रस्ता वाहनयोग्य नाही.' पहिली आठ वर्षं तो आधीच्या निरीक्षकांच्या अक्षरात होता, पुढची अकरा मिलिमीटरसाहेबांच्या. त्यांचं अक्षर जास्त सुवाच्य होतं.

मग बदली होऊन नव्या अधिकारी बाई आल्या आणि त्यांनी फाइल वाचली. खात्यात असे अपघात क्वचित घडतात.

"बटाटे घाटाखाली येतात कसे?" बाईंनी विचारलं.

"ट्रकनं, मॅडम."

"ट्रक जातो आणि वाहन जात नाही?"

"माझी स्कूटर आहे, मॅडम. छोट्या चाकांची."

बाईंनी मान हलवली. साहेबांना वाटलं, विषय मिटला. दोन महिन्यांनी ऑफिसच्या दारात एक मोटरसायकल येऊन उभी राहिली. उंच, काटकुळी, पुढचं चाक हे एवढं मोठं, डांबरावरही चालणारी आणि मातीतही. किल्ली बाईंनी साहेबांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता शेरा बदला."

साहेबांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, वाकून पाहिलं आणि त्यांना जीवदान मिळालं. टायर डांबरी रस्त्याचे होते!

त्या दिवसापासून टायरची निवड सुरू झाली. साहेबांनी पुस्तकं आणली, माहितीपत्रकं मागवली. एक टायर गुळगुळीत, डांबरावर लोण्यासारखा चालणारा. दुसरा बटनांचा, म्हणजे जाड रबरी गुट्ट्यांचा. चिखलात नख रुतावं तसा रुतणारा, पण डांबरावर घरघरणारा आणि झिजणारा. आणि मधले, थोडे असे थोडे तसे. साहेबांनी नकाशावर दोरा टाकून रस्ता मोजला. चौसष्ट टक्के डांबर, छत्तीस टक्के माती. बाजारात ऐंशी-वीसचे टायर होते, निम्मे-निम्मे होते. चौसष्ट-छत्तीसचा टायर कुणीच बनवत नव्हतं. साहेबांनी तीन कंपन्यांना पत्रं लिहिली. दोघांनी उत्तर दिलं नाही, तिसऱ्या कंपनीनं कॅलेंडर पाठवलं.

तोवर गाडी पडून खराब होऊ नये म्हणून तिची देखभाल मात्र चोख होती. दर शनिवारी साहेब कोपऱ्यावरच्या गॅरेजात येत. चेन रॉकेलनं घासून पुसत, तेल देत. चाकाच्या एकेका आऱ्यावर पान्यानं टिचकी मारून कान लावत; सगळे आरे एका सुरात वाजले की हसत. हवेचा फिल्टर धुवून, वाळवून, तेलात भिजवून परत बसवत. त्या फिल्टरनं अजून धुळीचं तोंडही पाहिलं नव्हतं. पुस्तकात लिहिलं होतं, 'सहा महिने किंवा ठरावीक किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते.' सहा महिने आधी झाले. गाडी चालली होती त्रेचाळीस किलोमीटर, तीही घर आणि गॅरेज यांच्यामध्ये. साहेबांनी इंजिनातलं ऑइल काढलं तर ते मधासारखं नितळ.

गॅरेज चालवणाऱ्या बाई बाकड्यावर बसून बघत होत्या. पन्नाशीच्या, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. "साहेब, ते तेल परत ओता," त्या म्हणाल्या. "त्याला अजून नोकरीच लागलेली नाही."

"नियम म्हणजे नियम, बाई."

"टायरचं काय ठरलं?"

"अभ्यास चालू आहे."

बाईंनी हात पुसले. "रागावू नका साहेब, पण तुमचं टायरवाचून अडलेलं नाही. तुम्हाला घाट नकोय."

साहेबांनी पाना जागेवर ठेवला आणि ते निघून गेले. बाईंचा नेम बरोबर लागला होता. बाविसाव्या वर्षी थोरल्या भावाची मोटरसायकल मागून घेऊन साहेब मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या दारात बांधकामाची खडी पसरलेली होती. गाडी घसरली आणि साहेब होणाऱ्या सासऱ्यांच्या पायांवर आपोआप नमस्काराच्या आसनात पोचले. लग्न ठरलं, सासऱ्यांना मुलगा नम्र वाटला. पण त्यानंतर साहेबांनी डांबर सोडून चाक खाली उतरवलं नव्हतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात; साहेबांनी तर अंगणाची मोजणीच काढली होती.

हे सगळं आणखी वर्षभर सुखानं चाललं असतं. पण डेपोवरून एक कार्ड आलं. 'आमचा काटा बरोबर की चूक, एवढं एकदा येऊन सांगा. चूक असेल तर दुरुस्त करू. बरोबर असेल तर भांडणं थांबतील. दर हंगामात माणसं एकमेकांच्या अंगावर जातात.' अधिकारी बाईंनी कार्डाच्या कोपऱ्यात तारीख घातली आणि ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं. पुढचा मंगळवार.

सोमवारी साहेब गॅरेजात गेले तर गाडीवर नवे टायर चढलेले होते. निम्मे-निम्मेवाले.

"कुणाला विचारून?" साहेब ओरडले.

"तुमच्या मॅडमना."

"पण आपला रस्ता चौसष्ट-छत्तीस आहे!"

"वरचे चौदा टक्के तुम्ही सांभाळा," गॅरेजवाल्या बाई म्हणाल्या. "आता वजनाची पेटी मागे बांधा आणि गाडीवर बसा."

साहेब बसले. पेटीत पाच-पाच किलोची चार लोखंडी वजनं होती. बाईंनी वाकून चेनीला बोट लावलं. ती तारेसारखी ताणलेली. "रिकाम्या गाडीचं माप घेऊन घट्ट आवळून ठेवलीत. घाटात दणका बसला की तुटायची." त्यांनी चाकाचा नट सैल करून चेनीला झोळ दिला. "आणि डांबर संपलं की टायरची हवा कमी करा. खडीवर टायर जरा पसरायला हवा. उभं राहून चालवा, हँडलला गळफास लावल्यासारखं धरू नका."

"हवा किती कमी करू? पुस्तकात आकडा नाही."

"मग पुस्तक घरी ठेवा."

मंगळवारी सकाळी साहेब निघाले. डांबर संपलं तिथे थांबले, गेज काढलं, हवा तपासली. बरोब्बर एकोणतीस पौंड. पुस्तकात होती तेवढी. आकडा नसताना हवा सोडणं त्यांच्या जिवावर आलं. तसेच पुढे गेले.

पहिल्या वळणावर ते डावीकडे पडले, तिसऱ्यावर उजवीकडे. पाचव्या वळणावर पेटीसकट पडले. पेटीचं झाकण उघडलं आणि सरकारी वजनं खडीवरून गडगडत निघाली. साहेब त्यांच्यामागे धावले. चारही सापडली. गेजची काच मात्र फुटली होती आणि काटा शून्याच्याही खाली लोंबत होता.

ते दगडावर बसले. गुडघा सोलवटला होता. परत फिरावं तर खाली तीच वळणं. समोर दोन शेळ्या रवंथ करत त्यांच्याकडे पाहत होत्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना वाटलं, इथे आपल्याला बघणारं कुणी नाही. ते उठले. टायरच्या तोंडाला काडी लावून फुस्स करून हवा सोडली, अंगठ्यानं दाबून पाहिलं. पुन्हा सोडली, पुन्हा दाबलं. "पुरे," ते स्वतःशीच म्हणाले. कुठल्याही खात्यात नसलेलं ते माप होतं.

मग ते उभे राहून निघाले. टायर खडीवर नुसता घसरत होता तो आता खडीला धरू लागला. पुढचं चाक हलायचं, डुलायचं, पण साहेबांनी हँडल सैल सोडलं की आपलं आपण सरळ व्हायचं. खिंडीच्या माथ्यावर पोचल्यावर त्यांच्या तोंडून एक आरोळी निघाली. कसली, ते त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही.

डेपोवर मालकीणबाई आणि दहा-बारा शेतकरी जमले होते. साहेबांनी धूळ झटकली, चेहऱ्यावर खातं आणलं आणि चारही वजनं काट्यावर ठेवली. वीस किलोला काटा साठ ग्रॅम कमी दाखवत होता.

"काटा चूक!" साहेब म्हणाले. लगेच गर्दीत दोघांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या.

"थांबा," मालकीणबाई म्हणाल्या आणि आतून एक मोठा गोल दगड घेऊन आल्या. त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'बावीस किलो, तपासले.' खाली जुन्या निरीक्षकांची सही आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. "दर सोमवारी आम्ही हा ठेवतो."

दगड ठेवला. काटा बावीसवर येऊन गप उभा राहिला.

साहेबांनी आपली वजनं एकेक करून उलटी केली. तिसऱ्याच्या बुडाशी, जिथे वजन नेमकं जुळवायला शिशाचं सरकारी बूच बसवलेलं असतं, तिथे नुसतं भोक होतं. बूच घाटात पाचव्या वळणावर पडलं होतं.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. काटा चूक म्हणून लिहिलं असतं तर ते वजन पुन्हा कुणीही तपासलं नसतं. साहेबांनी ते वजन बाजूला ठेवलं. "काटा बरोबर आहे," ते म्हणाले. "वजन चूक आहे. सरकारी." कॉलरी सुटल्या.

"मग मारा शिक्का," मालकीणबाई म्हणाल्या.

"खोट्या वजनावर शिक्का मारता येत नाही. पुढच्या महिन्यात नवी वजनं घेऊन येतो."

"आधीचे साहेबही जाताना असंच म्हणाले होते."

अहवालाच्या फॉर्मात 'काटा बरोबर' आणि 'काटा चूक' एवढेच रकाने होते. साहेबांनी पट्टीनं तिसरा आखला. त्याबद्दल त्यांना वरून खुलासा विचारला गेला: सरकारी वजनाची हानी कशी झाली आणि रकाना कुणाच्या परवानगीनं आखला. साहेबांनी दोन्हींचं एकच उत्तर दिलं, "पडलो म्हणून." उत्तर वर पोचलं आणि तिथेच राहिलं.

अठरा दिवसांनी ते परत घाट चढले. त्या दिवशी डेपोवर मोठ्या काट्याला शिक्का बसला. बातमी फुटली तसे अकरा गावांतले दुकानदार आपापले तराजू डोक्यावर घेऊन आले आणि साहेब संध्याकाळपर्यंत मान वर न करता काम करत राहिले.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी बायकोनं विचारलं, "तुमची वजनं आता डेपोवरच ठेवता ना? म्हणजे मागची सीट रिकामी."

"हो. पण दोघांच्या भारानं मागच्या टायरची हवा किती ठेवावी लागेल ते..."

ती हेल्मेट घालून बघत होती, तिला ऐकू आलं नाही.