गजाभाऊचं लिव्हर आणि आमचा निकाल

गजाभाऊ दारुडा नव्हता.

काल दुपारी हृदयविकारानं तो गेला. श्रद्धांजली नंतर. आधी हे वाक्य.

पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमध्ये आम्ही एकाच शिफ्टला होतो, टाउनशिपच्या सेक्टर ६ मध्ये शेजारी. ऐन चाळिशीत त्याचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले.

सगळ्यांनी निकाल देऊन टाकला. लिव्हर? म्हणजे दारू!

त्याची बायको, शकूवहिनी, गुपचूप त्याची पाण्याची बाटली हुंगायच्या. त्याला ते दिसायचं. पोटापेक्षा तेच जास्त दुखायचं.

भंडाऱ्याहून त्याचे मोठे भाऊ आले, तुळशीची माळ घेऊनच.

"घाल गळ्यात. आजपासून सोडली म्हन."

"जे धरलंच नाही ते सोडू कसं, दादा?"

"सारे पिणारे असंच म्हनतात!"

मोठ्या भावाचा मान म्हणून घातली माळ.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मला म्हणतो, "दारू तर नव्हतीच बापा, फुकटात मच्छी सुटली!"

पोट मात्र वाढतच गेलं. शेवटी मी आणि वहिनी त्याला रायपूरला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डॉपलर सोनोग्राफी केली.

लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या शिराच गुठळ्यांनी बंद झालेल्या. नाव बड-कियारी सिंड्रोम.

"बहुत कम लोगों को होता है," बाई म्हणाल्या. "पर होता है. ये तो पीते भी नहीं, इनके खून में ही थक्के बनते हैं."

वहिनी तिथेच रडायला लागल्या.

आणि हा हसतोय!

"काहून रडून राहिली? बिमारीच निघाली ना, बोतल तर नाही निघाली!"

जीव धोक्यात असलेला माणूस इतका हलका झालेला मी पुन्हा पाहिला नाही.

शिरेत स्टेंट बसला. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या कायमच्या लागल्या. पण गजाभाऊ पुढे नोकरी पूर्ण करून रिटायर झाला, नातवाला स्कूटरवर सिविक सेंटरला फिरवून आला.

दारूविरुद्ध मी मिलच्या गेटवरच्या सभांत आयुष्यभर बोललो. पुढेही बोलेन, घसा फाटेपर्यंत. पण पोट फुगलेला प्रत्येक माणूस पिणाराच, हा कायदा कुणी केला?

दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे, मित्रांनो! असा आजार फार थोड्यांना होतो, कबूल. पण ज्याला होतो त्याला तो पुरताच होतो. अब्रूसकट.

काल कुरुदहून आलेल्या एका पाहुण्यानं दारातच हळूच विचारलं, "लिव्हरचाच त्रास होता ना यांना? मंग..."

मी बोलायला तोंड उघडलं.

त्याआधी वहिनी ताठ बसल्या.

"हाव, लिव्हरच्या शिराचा. लाखात एखाद्याले होते. माह्या माणसाले झालता. थेंब नव्हता घेतला त्यानं कधी."

खोलीत सगळ्यांनी ऐकलं.

मग त्या मोकळेपणानं रडल्या.

जा गजाभाऊ, निवांत जा. तुझी बाजू मांडणारी घरातच आहे.

तुला मनापासून शेवटचा रामराम.