शिशिलीचं वाकडं तोंड

शिशिली बेर्मेओच्या बंदरात मासेमारीची जाळी सांधते. उन्हाळ्यात मात्र ती डोंगरातल्या शिबिरात मुलांना मुस शिकवते. बाकीचे तिथे नाच शिकवतात, गाणी शिकवतात. शिशिली पत्ते शिकवते.

मुस हा जोडीजोडीनं खेळायचा पत्त्यांचा डाव, आणि त्यात जोडीदाराला चेहऱ्यानं खूण करायची मुभा आहे. खालचा ओठ चावला की दोन राजे. जिभेचं टोक दाखवलं की दोन एक्के. तोंड एका बाजूला वाकवलं की तीन पत्ते सारखे. समोरच्यांनी खूण पकडली तर ती त्यांची हुशारी. खोटी खूण मात्र करायची नाही.

"बोली लावताना हवं तेवढं फसवा," ती मुलांना बजावते. "चेहऱ्यानं नाही."

या वसंतात तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. तोंड वाकडं झालं आणि तसंच राहिलं.

ती शिबिराला आली, पण टेबलाशी बसेना. उभ्यानंच शिकवायची. शेवटच्या दिवशी मुलांशी सामना असतो आणि मी तिची नेहमीची जोडीदार. मी विषय काढला.

"कॉलेजात साहित्य शिकलीस ना? मग एवढं कळेना?" ती म्हणाली. "माझं तोंड सारखं खोटं बोलतंय. आता मुस बंद. कायमचा."

सामन्याच्या दिवशी गारासी तिच्यासमोर उभी राहिली. तेरा वर्षांची, तोंडाळ.

"मावशी, हरायला घाबरलात होय?"

"तोंड बघ माझं."

"बघितलं की. आम्ही तिकडे लक्षच देणार नाही."

"लक्ष जाणारच गं. मीच शिकवलंय तुला."

गारासी हटेना. पत्ते पिसत तिथेच उभी राहिली. शिशिली त्या पत्त्यांकडे बघत होती. मग तिनं खुर्ची ओढली.

पहिला डाव. तिनं आपले पत्ते पाहिले, स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. "खोटं."

दुसरा डाव. "खोटं."

पुढच्या डावाला, "खरं."

सगळ्यांना ऐकू जाईल असं. तीन पत्ते सारखे आहेत की नाहीत, हे जे फक्त मला कळायचं, ते ती समोरच्यांनाही देत होती. कुणी मागितलं नव्हतं तिच्याकडे.

मग एका डावात ती म्हणाली, "खोटं." आणि त्याच दमात, "ओर्दागो!"

म्हणजे अख्खा खेळ पणाला. गारासीच्या हातात दोन राजे होते. तिनं शिशिलीच्या चेहऱ्यावर शोध शोध शोधलं. अर्धा चेहरा हलत नव्हता आणि उरलेला अर्धा ती हलू देत नव्हती.

"नको," गारासी पुटपुटली.

डाव संपल्यावर शिशिलीनं पत्ते उघडले. चौकी, पंजी, छक्की, सत्ती.

"मावशी! हे काय!"

"का? तोंडाचं खरंखुरं सांगितलं होतं की. पत्ते चांगले आहेत असं म्हणाले का मी?"

मुलं ओरडत सुटली.

शेवटी खेळ आम्ही हरलो. गारासी नाचायला उठली, तोवर शिशिलीनं पत्ते गोळा करून पिसायलाही घेतले होते.

"उठतेस कुठं? बस खाली. मी वाटतेय."