सुरसागरचा वारा आणि सासूबाईंचा मोहनथाळ

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हे ऐकताना एकाला ठसका लागला होता, ते पाप पुन्हा नको.

गोष्ट माझ्या साखरपुड्यानंतरची. बडोद्यात तेव्हा घरोघरी नुकतं केबल येत होतं आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ पोट कमी करायच्या पट्ट्यांच्या जाहिराती लागायच्या. मी गोरव्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायचो, म्हणजे दिवसभर बसून असायचो. शेजारचे गुजराती मित्र मला नावाने हाक मारत नसत. 'जाडिया' म्हणत. यावरून काय ते समजा.

माझी होणारी बायको नलिनी मात्र शेवग्याची शेंग. घर बडोद्याच्याच वाडी भागात, शाळेत गणित शिकवायची. साखरपुड्याच्या दिवशी सगळे पेढे वाटण्यात गुंतलेले असताना ती हळूच म्हणाली, "संध्याकाळी सुरसागर तळ्याच्या काठाने चालावं. छान वारा असतो. मी रोज सहाला जाते."

एवढंच. आणि नजर खाली.

आता सांगा, तुम्ही याचा काय अर्थ घेतला असता? मी घेतला तो असा, की मुलगी किती सुशील! पोटाला पोट न म्हणता बारीक व्हायचा साधा उपाय सांगतेय. ना उपास, ना पट्टे, ना पावडरी, रोज थोडं चालायचं. वर स्वतःचा दाखलाही दिला बिचारीने. माझं मन अगदी भरून आलं.

दुसऱ्याच दिवशी कामाला लागलो. जेवताना एक पोळी कमी, चहात साखर अर्धी, आणि कारखान्यातून आलो की चालत बाहेर. चालताना मी आपला स्वप्नात. अंतरपाट दूर होतोय, पलीकडे नलिनी उभी आहे आणि अलीकडे कुणी एक सडपातळ माणूस. तो म्हणजे मी! कलती उन्हं पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधल्या, लाकडी सज्ज्यांवर पडलेली असायची, कुठून तरी आरतीची घंटा यायची, आणि पाय आपोआप वाडीकडे वळायचे. मी म्हटलं, चालायचंच आहे तर तळ्याकाठीच कशाला? तिच्या घरी गेलो तर ती तरी दिसेल.

हुशारी बघा माझी. सहाला ती कुठे असते हे तिने स्वतः सांगितलेलं. पण ते मी डॉक्टरच्या सल्ल्यासारखं ऐकलं होतं, पत्त्यासारखं नव्हे.

नलिनी कधी घरात नसायचीच. मैत्रिणीकडे गेलीय, येईलच, असं तिची आई सांगायची. पोरगी घरी तसं सांगूनच निघायची, हे मला काय ठाऊक? आणि होणारा जावई दारात आला म्हटल्यावर तो कोरडा परत जाणार? आज मोहनथाळ, उद्या श्रीखंड-पुरी, परवा सुखडी. नको म्हटलं की त्यांचा चेहरा उतरायचा. "बेसो ने, जावईबापू. चालून चालून किती वाळलात," असं त्या म्हणायच्या, आणि मला ते खरं वाटायचं. मी दाराकडे बघत बसायचो. ती आता येईल, उंबऱ्यावर थबकेल, माझ्याकडे बघून जरा हसेल... तेवढ्यात ताटलीत आणखी एक वडी पडायची. लग्नाआधी फार वेळ बसणं बरं दिसत नाही, म्हणून दिवेलागणीला मी परत निघायचो.

असे बरेच दिवस गेले. लग्नाच्या सुटाचं माप पुन्हा घेताना शिंप्याने जास्तीचं कापड आणायला सांगितलं. मला त्याच्या टेपचाच संशय आला.

आणि एका संध्याकाळी मी पोचलो तर सासूबाई रडवेल्या. ताटली नाही, काही नाही. नलिनीला हे लग्न करायचं नव्हतं. कारण विचारलं तर सांगत नव्हती. रागारागाने सुरसागरला गेली होती. रोज तिथेच जाते, असंही तिने आजच कबूल केलं होतं.

मी आयुष्यात पहिल्यांदा धावलो.

ती कठड्याशी उभी होती. पाण्यात दिव्यांचे उजेड हलत होते. वारा खरोखरच छान होता. मला लागलेला दम ओसरेपर्यंत ती थांबली आणि मग शांतपणे म्हणाली, "मी रोज इथे तुमची वाट बघायची. घरी गेलं की आई सांगायची, जावईबापू येऊन गेले, काय प्रेमाने खातात. मी नसताना नेमके तुम्ही घरी. मी काय समजायचं? लग्न माझ्याशी करताय की आमच्या स्वयंपाकघराशी?"

"मला वाटलं," मी कसंबसं म्हणालो, "मी बारीक व्हावं म्हणून तुम्ही चालायला सांगितलंत."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "मी तुमच्या पोटाबद्दल एक शब्द तरी बोलले होते का?"

नव्हती हो बोलली. एक शब्दही नाही. मला इतकी लाज वाटली आणि इतका आनंद झाला, की दोन्ही एकदम कुठे ठेवू ते कळेना.

मग ती हसली, आणि आम्ही काठाने चालू लागलो. सावकाश. मधूनच तिची ओढणी माझ्या हाताला लागत होती. असं वाटलं, तळं गोल आहे हे किती बरं, ही वाट संपायचीच नाही. तिने हलकेच विचारलं, "कसला विचार करताय?"

अशा वेळी माणसाने खोटं बोलावं. मी खरं बोललो.

"आज तुमच्या आईने खायला काय केलं असेल?"

नलिनी थांबली.

"आता बोलते पोटाबद्दल," ती म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून बोलतेच आहे.