जड बॅटरी

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि वेचणीला बायाही मिळत नव्हत्या. नेर तालुक्याकडच्या आमच्या भागात सकाळी ज्याची गाडी मजुरांच्या वस्तीवर आधी पोचे, त्याच्या शेतात टोळी जाई. माझं सहा एकर फुटून पांढरं झालं होतं, आणि जुनी डिझेल जीप थंडीत सेल्फ घेत नव्हती.

एके सकाळी घराजवळच्या उतारावरून ती कशीबशी चालू करून वस्तीवर नेली. बाया चढल्या आणि इंजिन बंद पडलं. चौदा जणींनी उतरून धक्का मारला. टोळीची म्होरकी माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती हात झटकत म्हणाली, "बाई, आमाले मजुरी कापसाच्या किलोवर भेटते, जीपच्या नाही. उद्या धक्का मारा लागला तर आमी ट्रॅक्टरवाल्याकडे जाऊ."

"उद्या लागणार नाही," मी म्हटलं.

टोळीला शेतात सोडलं आणि तशीच यवतमाळला गेले. बॅटरीच्या दुकानासमोरही जीप चालूच ठेवली.

"आधी गाडी बंद करा," दुकानदार म्हणाला.

"बंद केली तर नवी घेतल्याशिवाय जाता येणार नाही."

"मंग घ्याच."

त्यानं दोन बॅटऱ्या काढल्या. मी दोन्ही उचलून पाहिल्या. हलकी एका हातानं उचलली गेली. दुसरी कमरेपर्यंत आली, पुढे नाही. मी हलकीच द्यायला सांगितली.

"डिझेल गाडी हाये ना? मंग हलकी काहून पाह्यता? थंडीत जोर जडच देते. आत शिसं जास्त असते."

मी त्याला अडचण सांगितली. जीप रस्त्यावर उभी असते, गावात बॅटऱ्या चोरीला जातात, म्हणून मी रोज संध्याकाळी ती काढून घरात नेते. जड बॅटरी रोज कोण वाहणार?

तोवर त्यानं जुन्या बॅटरीचं पाणी काचेच्या नळीत ओढून पाहिलं होतं. "हिच्यावर घरात लाइट लावता काय?"

लावत होतो. भारनियमनात स्वयंपाकघरात एक बल्ब आणि सासूबाईंच्या खोलीत एक. गावात चारचाकी असलेली सगळीच घरं तसं करत.

"रात्रभर पिळता अन् सकाळी तिले जोर मागता. हलकी नेली तर हेच करान. पुढच्या थंडीत परत यान."

मला राग आला, पण त्याचं खरं होतं. बॅटरी म्हातारी झाली म्हणून मी महिनाभर सांगत फिरत होते, आणि तिला मीच मारलं होतं. मी जड घेतली. शेजारच्या वेल्डरकडून जीपमध्ये लोखंडी चौकट बसवून तिला कुलूप लावलं. वेल्डरला तास लागला. मी बसले नाही. त्यानं दोनदा स्टूल पुढे केलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "मग लाइट गेल्यावर?"

"कंदील आहे. काच पुसून ठेवा."

दुसऱ्या दिवशी हात गारठला होता, जीप मात्र पहिल्याच सेल्फला उठली. वस्तीवर पोचले तर ट्रॅक्टर आधीच उभा. टोळी रस्त्याच्या कडेला थांबलेली, दोघी ट्रॉलीत चढून बसलेल्या. म्होरकी माझ्याजवळ आली.

"बंद करून दाखवा," ती म्हणाली.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पुन्हा सेल्फ मारला, जीप उठली.

"चढा वं," तिनं मागे पाहून हाक दिली.

बारा चढल्या. ट्रॉलीतल्या दोघी काही उतरल्या नाहीत. मी वाट न पाहता गिअर टाकला.